टॉकीजचं तिसरं दार

माझ्या सासरी टॉकीज आहे हे कळलं, तेव्हा माहेरी शहापुरात माझा भाव एकदम वधारला. मैत्रिणी म्हणायच्या, "तुयं का बाप्पा, आता रोज फुकटात सिनेमा!" मलाही वाटलं, लाल गाद्यांच्या खुर्च्या असतील, मखमली पडदा असेल, आणि मी मधोमध राणीसारखी बसेन. सत्तरच्या दशकातली गोष्ट ही. लग्न होऊन आंधळगावाकडच्या त्या मोठ्या गावात आले, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टॉकीज पाहिली आणि तोंडच पडलं माझं. धानाचं गोदाम होतं ते! वर टिनाचं छप्पर, आत लाकडी बाकं, पुढे पडद्याजवळ जमिनीवर बसायची जागा, आणि भिंतींना अजून जुन्या धानाचा वास.

गोदाम माझ्या सासऱ्यांचं. त्यांना मी मामाजी म्हणायची. धानाचा धंदा मुलांच्या हवाली करून त्यांनी उतारवयात ही टॉकीज काढली होती. घरात कुणाला ताप आला तर ते दुपारी विचारायचे, पण मशीन बरोबर आहे का, हे सकाळी चहाच्या आधी. माणूस तापट, आवाज गावभर जाईल असा. बायकांच्या दारावर तिकीट फाडायला पुरुष ठेवला तर गावाला चाललं नसतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. डोक्यावर पदर घेऊन मी दाराच्या आत, उघड्या पल्ल्याच्या, म्हणजे दाराच्या फळीच्या, मागच्या कोपऱ्यात उभी राहायची.

पण खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा आत अंधार झाला, मशीनच्या खोलीतून उजेडाचा पट्टा निघाला आणि त्या धानाच्या गोदामात समुद्र आला, तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. मी समुद्र कधी पाहिला नव्हता. आजूबाजूच्या बायका "अगं माय!" म्हणत मागे सरकल्या, आणि मीही सरकले. त्या दिवसापासून त्या गोदामाला मी एका शब्दानं नावं ठेवली नाहीत.

टॉकीजला लायसन लागे, आणि दर काही काळानं भंडाऱ्याहून साहेब येऊन तपासणी करत. दारापाशी नियमांची पाटी होती. वाळूच्या लाल बादल्या भराव्यात, आत विडी ओढू नये, उघडी ज्योत नेऊ नये, दारं मोकळी ठेवावीत. पाटी होती म्हणजे नियम पाळले जात होते असं नव्हे हो! बादल्यांत लोक पान थुंकायचे. एकीत मांजरीनं पिल्लं घातली, तर मामाजींनी पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत बादलीला कुणाला हात लावू दिला नाही. तपासणी जवळ आली की बादल्यांना ताजा लाल रंग लागे, आणि साहेबांना घट्ट दुधाचा चहा मिळे. इतकं केलं की आग येत नाही, अशी आमच्या घराची समजूत होती.

मग तो देवीचा सिनेमा आला. धान कापून, चुरून घरात आलं होतं. बायकांना जरा उसंत होती. दुपारचा खेळ फक्त बायकांसाठी ठेवला, आणि काय सांगू, मोहाडीकडून, आंधळगावाहून, कुठून कुठून बैलांच्या बंड्या जुंपून बायका आल्या! पडद्यावर देवी उभी राहते म्हटल्यावर टॉकीजचं देऊळ व्हायला कितीसा वेळ लागतो? पहिल्याच दिवशी एकीनं उंबऱ्याशी चपला काढल्या. तिचं पाहून सगळ्यांनी काढल्या. मागच्या दोन्ही दारांच्या तोंडाशी चपलांचा ढीग, चांगला गुडघ्याएवढा. आत पडद्याखाली हळदकुंकू, नारळ, आणि ताटांत तेलाचे दिवे. देवी प्रकट झाली की शेकडो बायका उभ्या राहून आरती ओवाळायच्या. अंधारात ते हलणारे दिवे, त्यांचा उजेड बायकांच्या तोंडावर... मी तिकिटं फाडायची विसरून जायची. मामाजी मशीनच्या खोलीच्या खिडकीतून पाहायचे आणि डोळे पुसायचे. पाटीवर उघड्या ज्योतीचं लिहिलं होतं, ते ना त्यांना आठवलं ना मला.

अशाच एका दुपारी न सांगता-सवरता तपासणीचे साहेब आले. नवीन होते, वयानं कोवळे, बोलणं एकदम हळू. दारात आले, चपलांचा ढीग पाहिला, आणि काय केलं असेल? त्यांनीही आपले बूट काढून हातात घेतले! देवीच्या राज्यात सगळ्यांचं तसंच होत होतं. मग त्यांची नजर आत गेली. दिवे दिसले, आणि चेहरा बदलला.

"खेळ थांबवा," ते मामाजींना म्हणाले.

"असं कसं थांबवू जी साहेब? देवी पडद्यावर उभी हाये. इंटरव्हल होऊ द्या."

साहेब थांबले. इंटरव्हल झाला, विजेचे दिवे लागले, तसे ते म्हणाले, "आता सगळ्यांना बाहेर काढा. लगेच. आग लागली आहे असं समजा." नियमात असं काही लिहिलं होतं की नाही, देव जाणे. मामाजींनी आपल्या त्या आवाजात हाळी दिली, "चला व बायाहो, भायेर निघा! लवकर! आग समजा!"

शेवटचा शब्द कुणी ऐकतं का? "आग" एवढंच सगळ्यांनी ऐकलं.

बायका दाराकडे धावल्या. गोदामाची दारं आत उघडणारी. मागच्यांच्या रेट्यानं एक पल्ला मिटत आला, आणि दुसरा भिंतीकडे दाबला गेला, त्याच्यामागे मी. फट राहिली होती तेवढ्यातून पुढच्या बायका निसटल्या, त्या बाहेर जाऊन थेट चपलांच्या ढिगावर. आणि थांबल्या! आपापली चप्पल शोधायला! "माही कोठी गेली व?" "ही तुयी नाही, माही हाये!" बाहेरच्या हलेनात, आतल्या ढकलतच राहिल्या. भिंत आणि पल्ल्याच्या मध्ये माझा श्वास अडकला. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. बांगड्या फुटून मनगटात रुतल्या. मला खरंच वाटलं, संपलं आता. मग कुणीतरी ओरडलं, "आग नाही व! कोठीच नाही!" आणि रेटा सैल झाला.

कुणाला फार लागलं नाही. साहेबांचा चेहरा मात्र पांढराफटक. आपणच हे करायला लावलं, याची भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. ते मामाजींना म्हणाले, "धूर नव्हता, म्हणून वाचल्या. माणसांच्या हिशेबानं दोन दारं पुरतात, पण ही दारं बाहेर उघडली पाहिजेत. चपला नकोत, दिवे नकोत. मी परत येईन. भरलेली टॉकीज माझ्या डोळ्यांसमोर ठरलेल्या वेळात नीट रिकामी झाली, तर लायसन. नाहीतर कुलूप. तोवर खेळ बंद."

साहेब गेल्यावर मामाजी भडकले. "इतके वर्षं धान भरलं या गोदामात! कधी एक पोतं दाराशी अडकलं नाही! आता हा कालचा पोरगा मले दार शिकवते!"

त्यांच्यासमोर मी तोवर "हो" आणि "नाही" याशिवाय तिसरा शब्द बोलले नव्हते. पण मनगट ठणकत होतं, आणि छातीत अजून तो दाब होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामाजी, पोती धावत नाहीत."

सासूच्या हातातला पेला तसाच राहिला. मामाजींनी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि सुताराला बोलवायला गेले. दुसऱ्या दिवशी दोन्ही दारं बाहेर उघडायला लागली.

दारं फिरवणं सोपं होतं हो. बायकांना कोण फिरवणार? "देवीसमोर दिवा लावू नका" हे सांगायची मामाजींची छाती होईना. एवढा गर्जणारा माणूस, पण मला म्हणाला, "बाई, हे तूच सांग. मले नाही जमत."

मी थेट आजीकडे गेले. ही आजी गावातली सगळ्यांत वयस्कर बाई. कमरेखाली पाय लुळे पडलेले. पण सिनेमा आल्यापासून तिनं एक दुपार चुकवली नव्हती. मुलगा बंडीतून आणायचा, दोघी सुना उचलून पडद्याजवळ सगळ्यांत पुढे नेऊन बसवायच्या. पहिला दिवा तिचा, मग बाकीच्यांचे. ती ऐकेल तर गाव ऐकेल.

ती अंगणात ऊन खात बसली होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "देवीच्या दारात आग कायले लागन व? आन लागलीच तं देवी वाचवन."

"वाचवन ना आजी. पण मी त्या पल्ल्यामागं होते. देवीला हाक मारायलाही श्वास पुरला नाही."

तिनं माझा हात ओढून घेतला आणि बांगडीच्या जखमांवरून अंगठा फिरवला. खरखरीत अंगठा, जन्मभर चिखलात काम केलेला. मग म्हणाली, "दिवा भायेर लावू आमी. लिंबाच्या झाडाखाली. देवीले भायेरचंही दिसते." आणि चपलांचं? त्यावर ती हसली. "घरूनच अनवाणी येऊ. त्याचं पुण्य जास्तच!" झालं! ज्या गोष्टीची धास्ती मामाजींनी घेतली होती, ती आजीनं बसल्या जागी मिटवली.

साहेब परत आले त्या दुपारी तपासणीपुरता खेळ लावला होता, आणि टॉकीज खच्चून भरली होती. लिंबाखाली वाळूत दिवे लावलेले. दारांशी एक चप्पल नाही. मामाजी सकाळपासून जेवले नव्हते. साहेबांनी घड्याळ हातात घेतलं, आणि गाणं ऐन रंगात असताना ऑपरेटरला खूण केली. पडदा विझला, आतले विजेचे दिवे लागले. मी दाराजवळ, आता पल्ल्याच्या बाहेर उभी. मनात म्हटलं, आई, सांभाळ.

आणि मग मी जे पाहिलं, त्यानं आजही अंगावर काटा येतो.

बायका उठल्या, पण धावली एकही नाही. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. रोवणीत कसं असतं? बांधीत, त्या चिखलाच्या खाचरात, बायका एका ओळीत वाकून उभ्या राहतात आणि धान रोवत रोवत एकेक पाऊल मागे येतात. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. एकीचा हात थांबला की ओळ थांबते. तसंच. सगळ्यांत मागची ओळ आधी वळली आणि बाहेर पडली, मग तिच्या पुढची, मग तिच्या पुढची. प्रत्येकीचा हात शेजारणीच्या हातात. अनवाणी पायांचा तेवढा आवाज, बाकी शब्द नाही. ज्या बायका नळावर घागरीवरून एकमेकींच्या झिंज्या उपटतात, त्याच ह्या! उन्हातून, चिखलातून जन्मभर एकमेकींच्या सोबतीनं मागे मागे आलेल्या त्या बायकांचा तो चालता कळप... नाही, कळप नाही म्हणणार मी. पडद्यावर देवी प्रकट व्हायची तेव्हा माझे हात जोडले जायचे. त्या दुपारी पडदा कोरा होता, आणि तरी ते जोडले गेले.

पण पुढची ओळ शेवटी राहिली, आणि पुढच्या ओळीत आजी. टॉकीज रिकामी झाली, आणि पार पडद्यापाशी आजी आणि तिला उचलणाऱ्या दोघी सुना. वाकल्या, उचललं, एकीचा पदर पायात आला, परत टेकवलं, परत उचललं. बाकांमधून ते तिघींचं येणं संपता संपेना. साहेब घड्याळाकडे बघत होते. त्या दाराशी पोचल्या तेव्हा त्यांनी मान हलवली.

"वेळ टळून गेली. बाकी सगळ्या वेळेत निघाल्या. पण ही बाई आत राहिली असती. सुनाही राहिल्या असत्या."

बंडीत ठेवता ठेवता आजीनंच आवाज दिला, "साहेब, मी नाही येत उद्यापासून. मंग तं झालं ना? माह्यापायी मालकाची टॉकीज कायले बंद पाडता?"

जमलेल्यांत कुजबुज झाली. खरंच की! एक म्हातारी घरी राहिली तर लायसन मिळतं. आजीच्या तोंडाकडे मला बघवेना. ती हसत होती, पण हाताची मूठ बंडीच्या दांडीवर घट्ट. मी मामाजींकडे पाहिलं. मनात आलं, हा माणूस आता "बरं" म्हणेल. एवढा जीव आहे याचा टॉकीजवर, म्हणणारच. आणि म्हणाला, तर मी उद्यापासून तिकीट फाडणार नाही, मग घरात काय व्हायचं ते होवो.

मामाजी म्हणाले, "आजी, तू काई घरी बसनार नाही. आन खरीच आग आली तं? आगीले सांगू का, आज म्हातारी आली हाये, तू उद्या ये म्हून?"

आणि तरातरा घराकडे गेले. आले ते हातात सब्बल, ती लोखंडी पहार, घेऊन. सरळ आत शिरले, पडद्याच्या बाजूची भिंत हातानं चाचपली, आणि हाणला पहिला घाव. वय झालेला माणूस! मुलं धावली, "बाबा, आमी करतो," म्हणाली. त्यांनी सब्बल सोडली नाही. चुना पडला, विटा पडल्या, आणि एक वीट बाहेरच्या अंगाला गेली तसा उन्हाचा हा एवढा झोत आत आला. त्या गोदामात त्या बाजूनं कधी ऊन आलं नव्हतं. धुळीतून ते ऊन तिरकं पडद्यावर गेलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या बायका दारातून डोकावून बघत राहिल्या. साहेबही बघत होते. मामाजी घामानं निथळत होते, पांढरे झाले होते चुन्यानं, आणि मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. लग्नात पडले होते, ते रीत म्हणून.

दार तयार झालं, बाहेर उघडणारं. पडद्याच्या अगदी बाजूला, बाहेर थेट मोकळं अंगण. साहेब तिसऱ्यांदा आले. टॉकीज पुन्हा तशीच भरलेली. पुन्हा गाण्याच्या मध्येच पडदा विझला.

या वेळी आजी पहिली बाहेर. सुनांनी उचललं आणि चार पावलांत उन्हात नेऊन खाटेवर बसवलं. पुढच्या ओळी तिच्या मागून, मागच्या ओळी मागच्या दारांनी. मी आतच होते. कुणी सांगितलं नव्हतं, पण मला राहवेना. बाकांखाली वाकून वाकून पाहत होते, एखादं लेकरू झोपलेलं राहिलं तर? बाहेर साहेबांचा आवाज ऐकू आला, "शाब्बास! वेळेत! सगळ्या निघाल्या." मामाजींचा मोठा श्वास मला आतून ऐकू आला, आणि बायकांचा गलका.

त्या गलक्यावर आजीचा आवाज चढला.

"थांबा जी साहेब! घड्याळ नका थांबवू! आमची तिकीटवाली अंदर हाये!"

गलका बंद. मी तशीच धावत त्या नव्या दारातून बाहेर आले. डोळ्यांवर ऊन आलं, काही दिसेना. मग दिसलं, की ती सगळी गर्दी माझ्याकडे तोंड करून उभी आहे. खाटेवर आजी मान उंच करून बायकांच्या डोक्यांवरून दाराकडे बघत होती. बाहेर आल्यापासून ती प्रत्येक चेहरा बघत बसली होती, सुनांनी नंतर सांगितलं. गावाची सून मी, सगळ्यांना आत सोडणारी आणि सगळ्यांना बाहेर जाऊ देणारी. माझी गणती कुणी करत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मामाजींना माझी आठवण झाली नव्हती, साहेबांना नाही, खुद्द मलाही नाही. मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, ढसाढसा रडले.

आजीनं हात हलवून मला जवळ बोलावलं आणि साहेबांकडे वळून म्हणाली, "हं, आता आल्या सगळ्या. आता बंद करा घड्याळ."